बिनकागदाच्या माणसाचा खर्च

शाळा बंद पडल्यावर त्या इमारतीचं काय करायचं, यावर आमच्या ग्रामपंचायतीत वर्षभर चर्चा झाली. कुणी वाचनालय म्हणालं, कुणी व्यायामशाळा. सरपंचांना तिथे मंगल कार्यालय दिसत होतं, कारण त्यांच्या घरात दोन लग्नं व्हायची होती. शेवटी त्या शाळेत एक माणूस ठेवायचं ठरलं, आणि ते आम्ही ठरवलं नव्हतं.

मी त्या गावची ग्रामसेविका. गाव हातखंब्याहून आत, सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या माळावर. ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणायची पद्धत आहे, आणि माझ्या आधी तिथे कायम पुरुषच होते, त्यामुळे काही म्हातारी माणसं मलाही भाऊसाहेबच म्हणतात. पहिले सहा महिने मी चिडून दुरुस्ती करायचे. मग लक्षात आलं की गाव भाऊसाहेबांचं ऐकतं, बाईंचं ऐकत नाही. तेव्हापासून मी गप्प आहे.

शिमगा आटोपून चाकरमानी मुंबईला परतले, त्याच आठवड्यात सड्यावरच्या एका चिरेखाणीवर पोलिसांची तपासणी झाली. चिरे कापायला बाहेरचे मजूर असतात. बहुतेकांकडे काही ना काही कागद निघाला. एकाकडे काहीच निघालं नाही. आधार नाही, मतदार ओळखपत्र नाही, आणि बोलणं बंगाली. चाळिशीचा, किडकिडीत माणूस. तो सांगत होता की आपण पश्चिम बंगालमधले, नदीकाठच्या गावचे. नदीने काठ खाल्ला, त्यात घर गेलं, आणि घरात पत्र्याच्या पेटीत होते ते कागदही गेले. हे खरं असेल, किंवा कुणी पढवलेलं असेल, कळायला मार्ग नव्हता. त्याने सांगितलेल्या जिल्ह्याला पत्र गेलं, की हा माणूस तुमचा आहे का ते कळवा. महिन्याची मुदत. ‘आमचा’ असं उत्तर आलं तर सोडायचा. ‘नाही’ आलं, किंवा काहीच आलं नाही, तर सीमेवर नेऊन पलीकडे धाडायचा.

तोवर ठेवायचा कुठे? कोठडीत जागा नव्हती. वरच्या कार्यालयात कुणाला तरी आमची रिकामी शाळा आठवली आणि मला फोन आला. म्हटलं, राहील हो, पण खाईल काय? पलीकडून सांगितलं की सध्या ग्रामपंचायतीने भागवावं, अशा परकीय लोकांवर होणाऱ्या स्थानिक खर्चाचा सरकार परतावा देतं. ‘नंतर मिळेल’ हे शब्द मी नोकरीत इतक्यांदा ऐकलेत की ते ऐकू आले की माझं डोकं आपोआप दुखायला लागतं.

नळपाणी योजनेच्या विहिरीवरची मोटर जळली होती आणि नवीसाठी आम्ही रक्कम बाजूला काढून ठेवली होती, तेवढेच पैसे हाताशी होते. त्यातूनच शाळेच्या संडासाला दार बसवलं, पाण्याची टाकी आणली, खिडक्यांना जाळी मारली, गादी घेतली आणि एक पंखा लावला. मुलं शिकत होती तेव्हा त्या वर्गाला पंखा नव्हता, हे एका माजी विद्यार्थ्याने मला तोंडावर ऐकवलं. त्याचं वय साठ होतं. मी प्रत्येक गोष्टीचं व्हाउचर त्याच दिवशी हाताने लिहून ठेवलं, शाळेत ठेवलेल्या अमुक इसमासाठी अमुक वस्तू, म्हणून. मोटर मात्र राहिली, आणि बायका पुन्हा कळशा घेऊन विहिरीवर जाऊ लागल्या.

जेवणाचा प्रश्न पोलीसपाटलांनी सोडवला. आमच्या गावात ग्रामदेवतेच्या देवळात तिन्हीसांजेला दिवा लावायची पाळी घरोघरी फिरते. तेलाचा पितळी बुधला ज्याच्या दारात आला, दुसऱ्या दिवशी त्याच्या घरातलं कुणीतरी जाऊन दिवा लावतं आणि बुधला पुढच्या दारात ठेवतं. शाळा देवळाच्या मागेच आहे. पोलीसपाटील म्हणाले, ज्याच्याकडे बुधला त्याच्याकडे डबा. एका खेपेत दोन्ही कामं. कुणी हरकत घेतली नाही, याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं. नंतर कळलं, एकदा देवाच्या पाळीला जोडलं की ते काम अंगावर घेतलं जातं, त्याच्यावर वाद होत नाही.

वाद झाला नाही, पण चढाओढ झाली. पहिल्या घराने भात आणि कुळथाची पिठी दिली. दुसऱ्याला वाटलं, आपण काय कमी आहोत, त्यांनी ओल्या काजूगरांची उसळ दिली. तिसऱ्या घरी सुरमई आणली. आठवड्याभरात प्रकरण कोंबडी-वड्यांवर गेलं. त्याच्यावर पहाऱ्याला बसवलेल्या होमगार्डलाही अर्थातच त्यातलं मिळायचं, आणि त्याने म्हणे वरिष्ठांना सांगितलं की ही ड्यूटी कुणाशी बदलायची गरज नाही. कैदी म्हणावा तर तो माणूस कैदी नव्हता, पाहुणा म्हणावा तर दाराशी होमगार्ड होता. त्याचे गाल मात्र भरले. सकाळी तो देवळाचं अंगण झाडायचा आणि बायकांच्या कळशा होमगार्डच्या देखत चढावापर्यंत आणून द्यायचा. मी भेटायला गेले की एकच विचारायचा, “मॅडम, जवाब आया?” मी म्हणायचे, येईल. मला तो आवडायला लागला होता, हे इथे सांगून टाकते.

वीसेक दिवस झाले आणि वरून निरोप आला, खर्चाचा प्रस्ताव ताबडतोब पाठवा, सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा, उद्या. आमच्याकडे ग्रामसभेला माणसं जमवणं म्हणजे भर उन्हाळ्यात खेकडे शोधण्यासारखं आहे. अर्धं गाव मुंबईत. उरलेल्यातले निम्मे काजूच्या बिया गोळा करायला. सभा तहकूब करून पुन्हा घ्यायची तर आठवडा गेला असता. शिपायाला सांगितलं, कसंही कर, पण गणपूर्ती झाली पाहिजे. ग्रामपंचायतीची खोली रंगवायला काढली होती, म्हणून सभा शाळेत ठेवली.

सभा झाली. शिपायाने हजेरीवही फिरवली, मोजली आणि मान हलवून मला खूण केली, की झाली बरोबर, एकही कमी नाही आणि एकही जास्त नाही. मी विषय वाचले. तिसरा विषय, शाळेत ठेवलेल्या इसमावरील खर्चाच्या परताव्याची मागणी करणे. सगळ्यांनी हात वर केले. मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या त्या इसमानेही केला. तो तिथे बसलेला होता कारण ती त्याची खोली होती, तो जाणार कुठे? आणि सगळे हात वर करतायत म्हटल्यावर त्यानेही केला. एवढ्यावर भागलं असतं. पण घरी येऊन मी हजेरीवही उघडली तर शेवटची सही बंगालीत.

मी शिपायाला फोन करून विचारलं, की हे काय केलंस. तो शांतपणे म्हणाला, “तुमीच बोल्लात ना भाऊसाहेब, कसापन कर. एक कमी पडत व्हता.” म्हणजे ज्या माणसावर परक्या देशाचा म्हणून केलेला खर्च मागायचा, त्याच्याच सहीने ती मागणी करणारी सभा भरली होती. तो परका असेल तर सभा बेकायदा. तो आपला असेल तर मागणी बेकायदा. मी कपाळाला हात लावला, आणि मग एकटीच हसत बसले.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन वरच्या कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने पानं उलटली आणि त्या सहीवर बोट ठेवून विचारलं, ही कुणाची? मी म्हटलं, घाईत केलीय. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. तो देशावरचा होता, कोकणातल्या सह्यांबद्दल त्याचं मत आधीच वाईट असावं. पुढचं पान उलटलं.

मग जेवणाच्या पावत्या मागितल्या. म्हटलं, घराघरातून डबे आले, पावत्या कुठल्या? तो म्हणाला, ज्यांनी डबे दिले त्यांच्याकडून ‘डब्याचे इतके इतके पैसे मिळाले’ असं लिहून आणा, तेवढे पैसे ग्रामपंचायतीला मिळतील. मला पटलं. मोटरला तेवढाच हातभार. मी छापील पावत्यांचं पुस्तक घेऊन दारोदार फिरले, आणि पहिल्याच दारात अडकले. त्या घरच्या म्हाताऱ्या बाईंनी पावती हातात घेतली, सुनेकडून वाचून घेतली आणि परत माझ्या हातात दिली. “बुदल्याबरोबर डबा दिलाय मी, देवाच्या पाळीचा,” त्या म्हणाल्या. “त्याचे पैशे घेतले असा लिवून दिला, तर उद्या तिकडं दिवा कंच्या तोंडानं लावू?”

मी त्यांना समजावलं, की खरे पैसे घ्यायचे नाहीत, नुसतं लिहायचं आहे. त्या म्हणाल्या, मग तर ते खोटंच झालं. पुढच्या दारातही हेच. तिसऱ्या दारात मी चिडले, म्हटलं, मोटर नको का तुम्हाला, पाणी डोक्यावरून आणताय ते चालतं? ती बाई म्हणाली, चालतं. गावातल्या एकाही घराने सही दिली नाही. मी पावत्यांचं पुस्तक पिशवीत टाकून घरी आले. मनात त्या सगळ्यांना मूर्ख म्हणून घेतलं. आता वाटतं, त्या गावात वाचल्यावर सही नाकारणारी माणसं पुष्कळ होती, फक्त मी त्यांच्यातली नव्हते.

कारण जेवण वगळून बाकीच्या खर्चाचा प्रस्ताव घेऊन मी पुन्हा गेले, तेव्हा कारकुनाने एक छापील नमुना पुढे केला. वर खर्चाचं कोष्टक, खाली दाखला. ‘सदर इसमाकडे भारतीय नागरिकत्वाचा कोणताही पुरावा नसून तो परकीय नागरिक असल्याची माझी खात्री झाली आहे.’ खाली माझं पद आणि सहीची जागा. इथे मी थांबले, हे खरं आहे. म्हटलं, माझी कुठे खात्री झालीय? त्याच्या गावचं उत्तर यायचंय. कारकून म्हणाला, ती चौकशी वेगळी, पोलिसांकडची. हा कागद लेखा शाखेचा, पैशांपुरता. हा तिकडे जात नाही. मागे रांगेत माणसं होती. बाहेर हातखंब्याची बस सुटायच्या बेतात होती. आणि विहिरीवरून कळशी घेऊन येणाऱ्या बायका माझ्या डोळ्यांसमोर होत्या, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. खरं सांगायचं तर बस जास्त होती. मी सही केली, शिक्का मारला, आणि बस मिळाली.

महिना संपला. उत्तर आलं नाही. एका सकाळी शाळेसमोर गाडी येऊन उभी राहिली. ज्या घरात बुधला होता तिथल्या बाईने घाईघाईने घावणे काढून फडक्यात बांधून दिले. त्याने गादीची घडी करून ठेवली होती, पंखा बंद केला होता. गाडीत बसण्याआधी त्याने मला नेहमीचा प्रश्न विचारला. या वेळी मी नकारार्थी मान हलवली. गाडी सड्यावरून खाली उतरेपर्यंत होमगार्ड तिच्याकडे बघत उभा होता.

चार दिवसांनी पोलीसपाटील ग्रामपंचायतीत आले, खुर्चीवर बसले आणि बराच वेळ दुसरंच काहीबाही बोलत राहिले. मग म्हणाले, तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो. फाइल पुढे गेली तेव्हा तिच्यात त्याच्याविरुद्ध ठोस असं काहीच नव्हतं, नुसतं उत्तर आलेलं नव्हतं. आणखी थोडं थांबू या का, असं वर कुणीतरी म्हणत होतं. तेवढ्यात कुणीतरी लेखा शाखेचा तो कागद आणून जोडला. स्थानिक ग्रामसेविकेचीच खात्री झाली आहे म्हटल्यावर थांबायचं कारण उरलं नाही. पोलीसपाटील मला दोष देत नव्हते. त्यांनी तो दिला असता तर मला भांडता तरी आलं असतं. मला लाज वाटली, इतकी की दोन दिवस मी देवळाच्या बाजूचा रस्ता टाळून लांबून फिरून ऑफिसला गेले.

परतावा आला. माझ्या नोकरीत इतक्या लवकर काहीच आलेलं नाही. पावसाच्या आधी मोटर बसली, सरपंचांनी नारळ फोडला, नळाला पाणी आलं आणि लोकांनी माझं कौतुक केलं. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी त्याच्या जिल्ह्याचं उत्तर आलं. तिथल्या पंचायतीने त्याच्या बहिणीला शोधून काढलं होतं, शेजाऱ्यांचे जबाब घेतले होते. माणूस त्यांचाच होता. नदीने घर नेलं होतं हेही खरं होतं.

यावर वरच्या कार्यालयाने काय करावं? मला पत्र पाठवलं. सदर इसम भारतीय असल्याचे निष्पन्न झाल्याने त्याच्यावरील खर्च परताव्यास पात्र ठरत नाही, सबब दिलेली रक्कम त्वरित परत भरावी. मी उत्तर लिहिलं की रकमेची मोटर झालेली असून ती विहिरीत आहे. त्यांनी विचारलं, कोणाच्या परवानगीने? मी ठरावाची प्रत पाठवली. त्यांना त्यातली गणपूर्ती मोजावीशी वाटली नाही, हे नशीब. तेव्हापासून ते भिजत घोंगडं तसंच आहे, आणि दर तिमाहीला एक स्मरणपत्र येतं. जेवणाचे पैसे मात्र कुणालाच परत मागता आले नाहीत, कारण ते कुणी घेतलेच नव्हते.

पुढच्या वर्षी काजूच्या हंगामात तो आला. ग्रामपंचायतीच्या दारात उभा राहिला तेव्हा मी आधी ओळखलंच नाही, गाल पुन्हा बसले होते. खाणीवरचे कुणी ओळखीचे होते त्यांच्याकडे उतरला होता. मी खुर्ची दिली, शिपायाला चहा सांगितला. सीमेबद्दल त्याने दोनच वाक्यं सांगितली. पलीकडच्यांनी घेतलं नाही, अलीकडचे परत येऊ देईनात, पाच दिवस मधल्या शेतात काढले. मग कुणीतरी गावी निरोप पोहोचवला आणि बहिणीचा नवरा येऊन घेऊन गेला. हे तो अगदी सहज सांगत होता, बस चुकल्यासारखं. मी म्हटलं, चहा घ्या.

मग त्याने कामाचं सांगितलं. गावी तो नवे कागद काढत होता. प्रत्येक खिडकीवर सांगत, जुना सरकारी कागद दाखव, ज्यावर तुझं नाव आहे. त्याच्याकडचे सगळे नदीत गेलेले. “मॅडम, मेरे खर्चे का जो फाइल बना था, उसका कॉपी मिलेगा? सरकारी कागज पे मेरा नाम बस वहीं है.”

मी कपाटातून फाइल काढली. वरचाच कागद तो दाखला होता. त्याने आपलं नाव लगेच ओळखलं, त्यावर बोट ठेवलं आणि खूश झाला. मग बोट खाली आलं, त्या ओळीवर, आणि त्याने विचारलं की इथे काय लिहिलंय. तेव्हा मी काहीतरी गोलमाल सांगू शकले असते. नाही सांगितलं. ओळ वाचली, तिचा हिंदीत अर्थ सांगितला, खालची सही माझी आहे आणि ती मी उत्तराची वाट न बघता केली, हेही सांगितलं. माफ करा म्हटलं. त्याने कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. चहा संपवला.

“यह वाला मत दो,” तो म्हणाला. “पंखे वाला दे दो.”

मी पंख्याचं व्हाउचर शोधलं. शाळेत ठेवलेल्या इसमासाठी, पुढे त्याचं पूर्ण नाव, पंखा नग एक. त्यावर तो कुठल्या देशाचा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. झेरॉक्स काढून आणली, ‘खरी प्रत’ असा शिक्का मारला आणि सही केली. तो कागद त्याने उजेडात धरला, दाखल्यावरची सही आणि ही सही आलटून पालटून बघितली.

“साइन वही है ना, मॅडम?”

मी म्हटलं, हो, तीच.

“फिर तो चलेगा,” तो म्हणाला. “उस बार बॉर्डर तक चला था.”